मी दोनदा पापणी मिटली

माझ्या पायांना रोज व्यायाम देणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "सुनंदा, तू शिक्षिका आहेस, लिहून काढ. तुझ्यासारखे पेशंट येतात, त्यांच्या घरचे घाबरलेले असतात, त्यांना वाचायला देते." मी हो म्हटलं. त्यांना अपेक्षित होतं ते बहुधा असं की हिंमत धरा, सगळं ठीक होतं. ते मी लिहीन, कारण मी आज काठी घेऊन का होईना चालते. पण जे लिहायला बसले ते आजाबद्दलच झालं. या आजारात माझे हातपाय गेले आणि परत आले. आजा गेला तो परत आला नाही, आणि त्याच्या जाण्यात माझा एक हात आहे. हात म्हणणंही चूक, तेव्हा हात हलतच नव्हते. पापणी म्हणते.

जीपची पायरी

मी जव्हार तालुक्यात एका आश्रमशाळेत शिकवते. शनिवारी दुपारी मोखाड्याला घरी येते, सोमवारी पहाटे परत. गणपतीच्या आधी पोट बिघडलं होतं, ते दोन-तीन दिवसांत थांबलं. मग एका सोमवारी मोखाड्याच्या स्टँडवर जीपमध्ये चढायला गेले तर मागच्या पायरीवर पाय उचलेना. दुसऱ्यांदा प्रयत्न केला. जीपवाला म्हणाला, "मॅडम, उपास धरलाय का?" आतली माणसं हसली, मीही हसले. एका बाईने हात देऊन आत ओढलं.

शाळेत तिसऱ्या तासाला खडू बोटांतून निसटला. उचलायला वाकले ती उठलेच नाही. पोरींना वाटलं मॅडम गंमत करतायत. चौथीची एक पोर माझ्यासमोर तशीच बसली, मी उठले की उठायचं म्हणून.

घरी आणलं तेव्हा बाबांच्या चुलतभावाने, रामाकाकाने, बघताक्षणी निकाल दिला: "अंगावरून वारं गेलं." आईने भगताकडून दोरा आणला, बाबांनी जव्हारच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी गुडघ्यावर हातोडी मारून पाहिली, पाय हलला नाही, आणि ते म्हणाले, "नाशिक. आत्ताच." त्यांचा तो 'आत्ताच' ऐकून मी पहिल्यांदा घाबरले. तोवर मला वाटत होतं की चार दिवस झोपले की होईल.

नाव

नाशिकच्या डॉक्टरांनी लांबलचक इंग्रजी नाव सांगितलं. बाबा पंचायत समितीत क्लार्क आहेत, त्यांनी ते खिशातल्या चिठ्ठीवर लिहून घेतलं, स्पेलिंग विचारून. डॉक्टर म्हणाले, अंग आपल्याच नसांवर उलटतं. पायातून सुरू होतं, वर चढत जातं. कुठे थांबेल सांगता येत नाही. बहुतेक लोक बरे होतात.

"बहुतेक म्हणजे?" बाबांनी विचारलं.

"बहुतेक," डॉक्टर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी हात गेले. तिसऱ्या दिवशी गिळता येईना. चौथ्या दिवशी श्वास घेणं हे काम वाटायला लागलं, भरलेला हंडा चढावर नेताना वाटतं तसं, आणि मग त्यांनी मशीन लावलं. पुढे गळ्याला भोक पाडून त्यातून नळी घातली. आवाज तिथेच संपला. चेहराही लोळागोळा झाला होता. राहिल्या पापण्या. डॉक्टर म्हणाले, हे नशीब समजा, काहींच्या पापण्याही जातात. मला तेव्हा नशीब वगैरे काही वाटलं नाही. मी सव्वीस वर्षांची होते आणि माझ्या नाकाला खाज सुटली होती.

हे हसण्यावारी नेऊ नका. ज्यांच्या घरी असा पेशंट आहे त्यांना सांगते, त्याचं नाक खाजवा. कान खाजवा. डोक्याखालची चादर सारखी करा. मरणाची भीती दिवसातून दोन-चारदा येते, खाज पूर्ण दिवस असते.

आजा येतो

आजा म्हणजे बाबांचे वडील. पोशेऱ्याच्या बाजूला आमचा पाडा आहे, तिथे तो एकटा राहायचा. भात, नागली, थोडी वरई. आमच्या सगळ्या भाऊबंदांत तो एकटा ख्रिस्ती. तरुणपणी एका मिशनच्या वसतिगृहात स्वयंपाकी होता, तिथून परत येताना येशूला घेऊन आला. आजीने त्याला घरात घेतलं, त्याच्या देवाला घेतलं नाही. एका भिंतीवर तिचे देव, समोरच्या भिंतीवर क्रूसाचं चित्र असलेलं कॅलेंडर. दर रविवारी तो पांढरा शर्ट घालून पहिल्या जीपने जव्हारला उपासनेला जायचा. तिथली मंडळी म्हणजे पत्र्याच्या खोलीत दहा-बारा माणसं. आजी म्हणायची, "तुहा देव आठवड्यातून एकदाच उठतो का?" तो म्हणायचा, "तो उठलेलाच हाय. मीच आठवड्यातून एकदा आंघोळ करतो." अशीच त्यांची चाळीस वर्षं गेली. मग आजी गेली.

मला 'आजोबा' म्हणायला शाळेत शिकवलं होतं, पण तो आजाच राहिला, आणि मी त्याला अरे-तुरेच करायचे. लहानपणी मोखाड्याच्या बाजाराच्या दिवशी तो पाड्यावरून यायचा तेव्हा बाबांशी बोलायच्या आधी मला खांद्यावर घ्यायचा. लाडाची होते, लपवत नाही.

आयसीयूमध्ये सकाळी दहा मिनिटं आणि दुपारी दहा मिनिटं, एकाच माणसाला सोडायचे. टोपी, मास्क, पायात प्लास्टिकच्या पिशव्या. या वेशात पहिल्यांदा आजा आला तेव्हा मी त्याला चालण्यावरून ओळखलं. तो माझ्या डोक्याशी उभा राहिला आणि मोठ्याने प्रार्थना सुरू केली. पाड्यावर एका खाचरातून दुसऱ्या खाचरातल्या माणसाशी बोलतात त्या आवाजात. शालिनी सिस्टर धावत आल्या. "बाबा, हळू. बाकीचे पेशंट आहेत."

"बरं बरं," आजा म्हणाला. "तो काय बहिरा नाय. हळू बोललो तरी ऐकल."

आणि मग त्याने इतक्या हळू प्रार्थना केली की मला शब्द ऐकू आले नाहीत. बोलताना त्याने खिशातला रुमाल काढून माझं नाक पुसलं, जोरात, शेंबड्या पोराचं पुसतात तसं. खाज थांबली. त्या दिवशी मला त्याच्या देवाबद्दल पहिल्यांदा बरं वाटलं. एरवी मी मनातल्या मनात भांडत होते. याला म्हणे सगळं ऐकू येतं तर माझं का येत नाही.

आजा सतरा दिवस हॉस्पिटलच्या खालच्या हॉलमध्ये राहिला. आई सांगते, तिथे बसलेल्या कोणाच्याही पेशंटसाठी तो प्रार्थना करायचा. आधी विचारायचा, "चालल का?" कोणी नको म्हणालं तर नागलीची भाकरी पुढे करायचा. भाकरीला कोणी नको म्हणत नव्हतं.

एक म्हणजे हो

शालिनी सिस्टरांनी खूण ठरवून दिली. एकदा पापणी मिटली की हो, दोनदा मिटली की नाही. घरच्या सगळ्यांना शिकवली. आईला ते जमायला वेळ लागला, ती एका वेळी दोन प्रश्न विचारायची. "थंडी वाजते का, पंखा लावू का?" आता याला मी काय उत्तर देणार!

पण यातली खरी अडचण फार उशिरा कळली. माझ्याकडे फक्त उत्तरं होती. प्रश्न सगळे बाकीच्यांकडे. कोणी विचारलंच नाही तर मी काहीही सांगू शकत नव्हते.

आजाने सांगितलेली गोष्ट

त्या दिवशी दुपारच्या वेळेला आजा आला. सिस्टरांनी त्याला स्टूल दिलं. तो बसला, मास्क हनुवटीवर ओढला.

"सुनी, तुला एक सांगायचं हाय. एरवी तू मधे बोलत्येस. आता बोलणार नाय, म्हणून सांगून घेतो." आणि स्वतःच हसला.

मग म्हणाला, "मी मेलो का मला जाळायचं नाय. मातीत ठेवायचं. आपल्या वरल्या माळाच्या बांधाला मोहाचं झाड हाय, त्याच्या खाली. खड्डा खोल खणायला सांग, तिथं कोल्ही हिंडत्यात. जव्हारच्या पाळकाला बोलवायचं. भाऊबंदांना काय करायचं ते करू द्यायचं, पाणी घालायचं तं घालू दे, भांडायचं नाय. पर जाळायचं नाय."

मी बघत राहिले. त्याच्या भुवयांचे केस पांढरे आणि लांब झाले होते, ते मी आधी कधी नीट पाहिले नव्हते.

"तुही आजी जाळली तव्हा मी उभा व्हतो. बघवलं नाय मला. आता तू म्हनशील, तुह्या देवाला राखंतून उठवता येत नाय का. येतं. त्याला काय अवघड हाय! पर मला नाय जमायचं. मी सगळी उमर मातीत काढली. मला तिथंच बरं वाटल."

मग स्टूल पुढे ओढून म्हणाला, "तुह्या बाला आता सांगू नको. तो आधीच अर्धा झालाय. तू उठली का आपण दोघं मिळून सांगू. तोवर कोनाला नाय. कबूल?"

मी एकदा पापणी मिटली.

त्याला ते पुरेसं होतं. बोलता न येणाऱ्या माणसाला 'कोणाला सांगू नको' असं बजावणारा तो जगात एकटाच असेल. पण त्यामुळे मला किती बरं वाटलं हे लिहिताना आत्ताही डोळे भरून येतात. इतक्या दिवसांत माझ्याकडून कोणी काही मागितलं नव्हतं. त्याने मागितलं, आणि 'तू उठली का' असं म्हणाला. 'उठलीस तर' नाही.

दोन दिवसांनी त्याने येऊन सांगितलं की नागली काढणीला आली आहे, चार दिवसांत जाऊन येतो. माझ्या कपाळावर हात ठेवला. हात खरखरीत होता, तो ठेवताना मास्कमधून त्याचा श्वास येत होता. मी पाहत होते की तो दारापर्यंत गेला आणि प्लास्टिकच्या पिशव्या काढायला विसरून तसाच बाहेर पडला.

आईचा प्रश्न

पुढे तिसऱ्या दिवशी सकाळी आई आत आली. तिच्या हातात फोन होता. आयसीयूमध्ये फोन आणत नाहीत, पण शालिनी सिस्टर पाठ करून उभ्या होत्या. मला ते विचित्र वाटायला हवं होतं. वाटलं नाही. आईचे डोळे सुजलेले होते, पण ते रोजच सुजलेले असायचे.

"बाय," आई म्हणाली, "तुझे बाबा पाड्यावरून विचारतात. आजा तुझ्याशी बसायचा ना, तेव्हा काही बोलला होता का? काही सांगून ठेवलंय का त्याने तुला?"

मी विचार केला. हे लिहिताना मला कोणी म्हणेल की तुला तेव्हा सुचलं कसं नाही. नाही सुचलं. मला वाटलं, आजा घरी गेला आणि बाबांना शंका आली. म्हाताऱ्याचं काहीतरी चाललंय, पोरीला विचारून बघा. आमच्या घरात असंच चालतं, एकाच्या मनातलं दुसऱ्याकडून काढून घेतात. आणि आजाने सांगितलं होतं, आपण दोघं मिळून सांगू.

मी दोनदा पापणी मिटली.

"नाही ना? नक्की?"

एकदा.

आई फोनवर म्हणाली, "नाही म्हणते." आणि फोन पदराखाली धरून बाहेर गेली. मला माझं कौतुक वाटलं. हातपाय नाहीत, आवाज नाही, तरी शब्द पाळला.

आजा गावाला आहे

त्यानंतर आजा आला नाही. आई सांगायची, नागली चालू आहे. मग म्हणाली, भात आहे. मग म्हणाली, त्याला खोकला झालाय, खोकल्याच्या माणसाला इथे सोडत नाहीत. हे इतकं पटण्यासारखं होतं की मी त्याच्या खोकल्याची काळजी केली.

बाबा टोपी आणि मास्क लावून यायचे आणि काही न बोलता माझे तळवे चोळायचे. आधी ते बोलायचे, ऑफिसातल्या गमती सांगायचे. आता डोळे तेवढे दिसायचे आणि तेही माझ्याकडे नसायचे. मला वाटलं, डॉक्टरांनी यांना माझ्याबद्दल काहीतरी सांगितलंय. मी मरणार आहे असं मी त्या दिवसांत अगदी धरून चालले होते. आपल्याकडे पेशंटपासून वाईट बातमी लपवतात, पेशंटला ती स्वतःचीच वाटते. ज्यांना कोणाला हे उपयोगी पडेल त्यांच्यासाठी हे एक वाक्य अधोरेखित करून ठेवते.

मिशी

दिवाळीनंतर मशीन काढलं. श्वास माझा मी घ्यायला लागले, नळी मात्र गळ्यात होती, आवाज नव्हताच. मला साध्या वॉर्डात आणलं. तिथे खिडकी होती. पेढे वाटावेत इतका आनंद सगळ्यांना झाला होता, आणि त्या आनंदात बाबा मास्क न लावता आत आले.

त्यांना मिशी नव्हती.

डोक्यावर मफलर गुंडाळलेला होता, पण मला तो बघायची गरज नव्हती. माझ्या बाबांना मी बिनमिशीचं आयुष्यात एकदाच पाहिलं होतं, आजी गेली तेव्हा. आमच्यात आई किंवा बाप गेला तर मुलगा डोकं आणि मिशी उतरवतो. त्यांची आई गेलेली होती. आता बाप एकच राहिला होता.

मिशीच्या जागी बारीक खुंट आले होते. म्हणजे दिवसकार्य होऊनही बराच काळ झाला होता. मी त्या ओठाकडे बघत राहिले. बाबा काहीतरी बोलत होते, वॉर्ड बरा आहे, ऊन येतं. मग त्यांना कळलं मी कुठे बघतेय. त्यांनी तळहाताने तोंड झाकलं, आणि तसेच खाली स्टुलावर बसले.

मला रडता येत होतं पण आवाज नव्हता आणि चेहरा हलत नव्हता. पाणी डोळ्यांच्या कडेने कानात जात होतं. आईने पुसलं. ती सांगायला लागली, एकदा सुरू झाल्यावर थांबेना. नागली कापून दुपारी ओट्यावर टेकला, तो टेकलेलाच राहिला. काही त्रास झाला नाही. सगळं रीतीने झालं बाय, काही कमी पडू दिलं नाही. जव्हारची मंडळी पण आली होती, पाळक म्हणत होते की त्याला पुरायला हवं, रामाकाका म्हणाला की आमचा माणूस आहे, आमच्या रीतीने जाईल. दोन्हीकडून आवाज चढले. शेवटी तुलाच विचारलं. तू नाही म्हणालीस. मग तुझ्या बाबांनी अग्नी दिला. तरी मंडळीला कोणी हाकललं नाही, ती सरणापाशी उभी राहून गात होती. छान गात होती.

तू नाही म्हणालीस.

आई मला धीर देत होती. तिला वाटत होतं, एवढं ऐकून मला बरं वाटेल. माझ्या आत एक बाई किंचाळत होती आणि बाहेर मी छताकडे बघत पडले होते. मी पापणी एकदा मिटली, दोनदा मिटली, परत परत मिटली. आई म्हणाली, "झोप आली का?"

मला आजही आईचा राग येतो. तिने एक साधं वाक्य बोलायला हवं होतं: आजा गेला. मग विचारायला हवं होतं. मी एकदा मिटली असती आणि तो मोहाच्या झाडाखाली असता. तिने ते वाक्य माझ्या जिवाला धक्का बसू नये म्हणून गिळलं. मी माझं उत्तर बाबांच्या जिवासाठी गिळलं. सगळे एकमेकांना जपत होतो, आणि तिकडे पाड्यावर लाकडं रचली जात होती.

आवाज आल्यावर

नळी काढली, भोक बुजलं, आवाज आला. पहिला आवाज गाढवासारखा होता. शालिनी सिस्टर खास भेटायला आल्या, म्हणाल्या, "बोल आता, काय बोलायचं ते." सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी म्हटलं, "पाणी."

बाबांना सांगायचं की नाही, हे मी ठरवत होते. सांगितलं तर हा माणूस, ज्याने माझे तळवे चोळून स्वतःची बोटं सुजवली, तो आयुष्यभर जळत राहील. न सांगितलं तर आजाचा शब्द माझ्यातच मरेल, दुसऱ्यांदा. प्रार्थना करून पाहिली. मला ती येत नाही. आजाच्या देवाशी काय बोलायचं आणि किती आवाजात, काही कळेना. एवढंच म्हटलं की त्याला राखेतून उठवायला तुला अवघड नाही असं तो म्हणाला होता, तर ते बघ.

मला मोखाड्याला घरी आणलं तेव्हा थंडी पडली होती. उभं राहता येत होतं, आधार धरून. व्यायाम घरीच करायचे. बाबा ऑफिसातून आले की चहा घ्यायच्या आधी माझ्या खाटेपाशी बसायचे. पाय घोट्याशी धरायचे, मी वर उचलायचा, त्यांनी दहा मोजायचे, मग खाली. दोन्ही पायांना वीस वेळा. मिशी परत आली होती, पूर्वीपेक्षा पांढरी.

रोज वाटायचं, आज बोलू. रोज आई चहा घेऊन यायची. असे दोन महिने गेले. एका संध्याकाळी आई शेजारी हळदीकुंकवाला गेली होती. उजवा पाय वर होता. बाबा म्हणाले, "पाच, सहा, सात," आणि मी म्हटलं, "बाबा, आजाने मला सांगितलं होतं."

त्यांनी घोटा सोडला नाही.

"आईने विचारलं तेव्हा मी खोटं बोलले. मला वाटलं तो जिवंत आहे. तुम्हाला आत्ता सांगू नको म्हणाला होता, मी उठले की आम्ही दोघं मिळून सांगणार होतो." मग सगळं सांगितलं. जाळायचं नाही. वरच्या माळाचा बांध, मोहाचं झाड, पाळक, भांडायचं नाही. खड्डा खोल, कारण तिथे कोल्ही हिंडतात.

बाबा माझ्या पायाकडे बघत होते. मग म्हणाले, "कोल्ह्यांचं मला नव्हतं सांगितलं."

मला आधी कळलं नाही.

"बाकी सगळं सांगितलं होतं. तुझी आजी गेली त्या साली. मी बघू म्हणालो. नंतर पण दोनदा बोलला तो. मी बघूच म्हणालो." त्यांचा आवाज अगदी ऑफिसातला होता, कागद वाचून दाखवावा तसा. "मला वाटलं, तुला पण सांगितलं असेल. तू हो म्हणाली असतीस तर रामाकाकाला सांगता आलं असतं, पोरगी मरणाच्या दारात आहे, तिचा शब्द मोडायचा नाही. माझ्या एकट्याच्या तोंडून ते निघेना. वीस-पंचवीस माणसं उभी होती, सुनी. तुझी आई फोनवर म्हणाली, नाही म्हणते. आणि मला बरं वाटलं. सुटल्यासारखं वाटलं."

मला भयंकर राग आला. इतके दिवस मी हे एकटीने उचललं होतं. मला पाय ओढून घ्यायचा होता, त्यांच्या हातातून, आणि भिंतीकडे तोंड करून पडायचं होतं. मी ओढला. पाय जागचा हलला नाही. त्यांनी धरून ठेवला होता म्हणून नाही, त्यांची बोटं सैल होती. माझ्यात ओढण्याइतका जोर नव्हता, आणि त्यांनी सोडला असता तर तो खाली आदळला असता.

बाबांना ते जाणवलं. त्यांनी घोट्याखाली दुसरा हात घातला.

"आठ," ते म्हणाले. "नऊ."

पुढे त्यांचा आवाज निघेना. दहा मी म्हटलं.